दीड लाखाची शेवटची पायरी

विजेवर चालणारी गाडी आम्हा कोपरीकरांना नवी नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेची पहिली लोकल धावली, त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. पुढे ती ठाणे, कल्याणपर्यंत आली आणि आपल्या आज्या-आजोबांपासून सगळ्यांना तिनेच कामावर पोहोचवले. या गाडीत स्लो आणि फास्ट असे दोन प्रकार असतात, हे कोपरीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण दोन्हींचे तिकीट एकच. ज्याला मुलुंड, भांडुपला उतरायचे तो स्लोमध्ये बसतो, ज्याला दादर गाठायचे तो फास्टची वाट पाहतो. स्लोमध्ये बसणाऱ्याला कोणी कमी समजत नाही.

मोटारींच्या शोरूममध्ये मात्र हा न्याय नाही. तिथे साध्या गाडीला एक भाव आणि जोरदार गाडीला दुसरा. शिवाय साधी घेणाऱ्याला आपण काहीतरी कमी घेतले असे वाटावे, अशी एकूण मांडणी असते. २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घरी या प्रश्नावरून जो खल झाला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. कारण प्रश्न गाडीचा दिसत असला तरी तो घरच्या पैशाचा आहे, आणि थोडा मानाचाही आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा ऐरोलीच्या एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. सूनबाई वाशीच्या बाजूला एका इस्पितळात परिचारिका. तिच्या रात्रपाळ्या असतात. घरात दोन लहान मुले. बंधू वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते. ते आता हयात नाहीत. वहिनी एका सरकारी इस्पितळात आया म्हणून तीस वर्षे राबल्या आणि निवृत्त झाल्या. आता त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. शिवाय धाकटी पुतणी. ती यंदा बारावीला. बारावीनंतर नर्सिंगची पदवी घ्यायची तिची इच्छा आहे. असे हे सहा माणसांचे घर. पोराने पाच-सहा वर्षे पैसे साठवून मोठी गाडी घ्यायचे ठरवले आणि पेट्रोलऐवजी विजेवरची घ्यायची हेही ठरवले. आमच्याकडे ते प्रकरण आले ते पुढच्या टप्प्यावर. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून, त्यामुळे घरातल्या कोणत्याही कर्जाचा कागद सही होण्यापूर्वी आमच्या नजरेखालून जातो.

"काका, गाडी ठरली आहे. फक्त एक मोटर की दोन मोटरी, एवढेच ठरवायचे आहे," तो म्हणाला.

गाडी होती टाटांची हॅरियर ईव्ही. पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यात बनणारी, साडेचार मीटरहून लांब, ३ जून २०२५ रोजी बाजारात आलेली. त्या दिवशी तिची किंमत २१ लाख ४९ हजारांपासून सुरू होत होती. चोवीस-पंचवीस लाखांची गाडी म्हटल्यावर आपले पुष्कळ वाचक पान उलटतील. त्यांना विनंती, थांबावे. हाच हिशोब रिक्षाला, स्कूटरला आणि फ्रिजलाही लागू पडतो.

आधी यातला तांत्रिक भाग समजून घेऊ. आम्हीही तो पुतण्याकडून आणि माहितीपत्रकातून समजून घेतला. विजेच्या गाडीत इंजिन नसते, मोटर असते. ही मोटर बॅटरीतल्या विजेवर चाक फिरवते. बॅटरी किती मोठी हे किलोवॅट तासात सांगतात. एक किलोवॅट तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. या गाडीला दोन आकारांच्या बॅटऱ्या मिळतात, एक ६५ युनिटांची आणि दुसरी ७५ युनिटांची. साध्या प्रकारात एकच मोटर असते आणि ती मागच्या चाकांना फिरवते. तिची ताकद २३८ अश्वशक्तीच्या घरात. जोरदार प्रकारात पुढच्या चाकांसाठी १५८ अश्वशक्तीची आणखी एक मोटर बसवलेली असते. मग चारही चाके ओढतात आणि गाडी जागेवरून ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला ६.३ सेकंदांत पोहोचते, असे कंपनी सांगते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेट्रोल-डिझेलच्या जमान्यात जास्त ताकद म्हणजे मोठे इंजिन, जास्त इंधन, जास्त देखभाल. विजेच्या गाडीत तसे राहिलेले नाही. मोटर तुलनेने लहान आणि स्वस्त वस्तू आहे, खरा खर्च बॅटरीचा. म्हणून ताकद वाढवणे कंपन्यांना सोपे झाले आहे. जगभर विजेच्या गाड्यांत साधा आणि जोरदार असे प्रकार निघू लागले, त्याचे एक मोठे कारण हेच. आपल्याच चाकणला बनणाऱ्या महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या, त्यातही ५९ आणि ७९ युनिटांच्या बॅटऱ्या आहेत आणि मोठ्या बॅटरीबरोबर मोटरची ताकदही वाढते. अमेरिकेच्या टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात आपले भारतातले पहिले दुकान उघडले, तेव्हा मॉडेल वाय या गाडीचे दोन प्रकार मांडले. एक ५९ लाख ८९ हजारांचा आणि जास्त अंतर जाणारा दुसरा ६७ लाख ८९ हजारांचा. नुसता फरकच आठ लाखांचा. परदेशात याच गाडीचा 'परफॉर्मन्स' नावाचा आणखी वरचा प्रकारही विकला जातो. शिडी सगळीकडे आहे. पायऱ्यांची उंची तेवढी वेगळी.

पुतण्याच्या हातात कागद होता. त्यावर विक्रेत्याने पेनाने गोल करून लिहिले होते, 'फरक फक्त दीड लाख'. आकडा खोटा नव्हता. ७५ युनिटांच्या बॅटरीचा सर्वांत वरचा एक मोटरीचा प्रकार गाडी बाजारात आली तेव्हा २७ लाख ४९ हजारांना होता, आणि दोन मोटरींचा २८ लाख ९९ हजारांना. वजाबाकी बरोबर दीड लाख. आता एवढी मोठी गाडी घेताना दीड लाखासाठी कोण अडून बसेल? पोराचे म्हणणे तेच होते.

आम्ही भिंतीवरचे मागच्या वर्षीचे कॅलेंडर काढले आणि त्याच्या पाठीवर सगळ्या पायऱ्या खालून वर लिहिल्या. पहिली २१ लाख ४९ हजार. दुसरी २१ लाख ९९ हजार. तिसरी २३ लाख ९९ हजार. इथपर्यंत ६५ युनिटांची बॅटरी. मग ७५ युनिटांची बॅटरी सुरू होते, २४ लाख ९९ हजार, २७ लाख ४९ हजार आणि शेवटी दोन मोटरींची २८ लाख ९९ हजार. मग आम्ही त्याला विचारले, "अरे, तू पहिल्यांदा शोरूममध्ये गेलास तेव्हा कोणती बघायला गेला होतास?"

तो म्हणाला, "तिसरी."

"मग फरक दीड लाख कसा?"

तिसरीपासून शेवटचीपर्यंत बरोबर ५ लाखांचे अंतर आहे. दुसरी मोटर हवी असेल तर ती खालच्या प्रकारात बसवून मिळत नव्हती. ती फक्त शिडीच्या टोकाला ठेवलेली होती. तिथपर्यंत जायचे तर मधल्या सगळ्या पायऱ्यांचे पैसे मोजावे लागतात, मग मोठी बॅटरी आणि वरची सजावट तुम्हाला हवी असो की नसो. विक्रेता शेवटच्या पायरीवर उभा राहून खाली बघायला सांगतो, म्हणून उंची दीड लाखाची दिसते. आपण जिथे उभे आहोत तिथून वर पाहावे, म्हणजे खरी उंची कळते.

हे पाच लाख कर्जाने उचलले तर काय होते, तेही मांडले. व्याज शेकडा ९ आणि मुदत सात वर्षे धरली, तर पाच लाखांचा महिन्याचा हप्ता सुमारे ८,०४५ रुपये येतो. सात वर्षांत ८४ हप्ते, म्हणजे एकूण ६ लाख ७५ हजारांच्या वर. याशिवाय गाडी जितकी महाग तितका विमा जास्त, आणि तो दरवर्षी. तिसऱ्या पायरीच्या गाडीला, स्वतःची बचत घातल्यावर, त्याला १८ लाख कर्ज लागणार होते. त्याचा हप्ताच २९ हजारांच्या जवळ जात होता. दोघा नवरा-बायकोच्या पगारात तो बसत होता. त्यावर आणखी आठ हजार बसत नव्हते.

"म्हणूनच तर आईची ठेव आहे ना," पुतण्या म्हणाला. "ती मोडली की हप्ता तेवढाच राहतो."

वहिनींची ही ठेव बरोबर पाच लाखांची. तीस वर्षे लोकांची बेडपॅन उचलून, फरशा पुसून, निवृत्तीच्या वेळी जे हाती आले त्यातून घराच्या दुरुस्तीला दिले, थोरलीच्या लग्नाला दिले आणि उरलेले बँकेत ठेवले. व्याज सात टक्के धरले तर वर्षाचे ३५ हजार. त्यातून वहिनींची औषधे येतात. मूळ रक्कम धाकट्या पुतणीच्या नर्सिंगच्या चार वर्षांसाठी आहे, असे बंधू असतानाच ठरले होते. आम्ही वहिनींकडे पाहिले. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोराची हौस आहे. मी नाही कशी म्हणू?"

आमच्या घराघरांतून आया असेच बोलतात. त्यांच्या या वाक्याला होकार समजून पुष्कळ ठेवी आजवर मोडल्या गेल्या आहेत. म्हणून आम्ही होकार धरला नाही आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. ती जास्तीची ताकद रोजच्या दिवसात कुठे लागणार आहे?

कोपरी ते ऐरोली जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पाचशे. सूनबाईची रात्रपाळी, मुलांचा दवाखाना, रविवारची फेरी. महिन्यातून एकदा सिन्नर तालुक्यातल्या गावी जाणे-येणे, सव्वातीनशेच्या आसपास. सगळे मिळून हजार किलोमीटर. आता ही गाडी एका चार्जिंगवर किती जाते ते पाहू. सरकारी चाचणीचे आकडे मोठे असतात, ६५ युनिटांना ५३८ किलोमीटर, ७५ युनिटांना एका मोटरीत ६२७ आणि दोन मोटरींत ६२२. प्रत्यक्ष रस्त्यावरचा कंपनीचाच अंदाज त्याहून कमी आहे. ६५ युनिटांची गाडी ४२० ते ४४५ आणि दोन मोटरींची ४६० ते ४९०. दुसरी मोटर स्वतःचे वजन वाहते आणि वीजही खाते, त्यामुळे तीच ७५ ची बॅटरी थोडी कमी पुरते. म्हणजे पाच लाख रुपये जास्त देऊन पल्ला वाढतो तो चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरने. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाने त्या चाळीसचे काय करावे?

गावचा रस्ता राहिला. आमणे ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि आता कोपरीहून निघून भिवंडीजवळच्या आमण्यावरून सिन्नरला जाता येते. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर दोन्ही प्रकारांना एका चार्जिंगमध्ये पेलतात. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचे म्हटले तर दोघींनाही वाटेत थांबून चार्जिंग करावेच लागणार. या महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची आणि घाटात ६० ची. ती मोटरी मोजून बदलत नाही. राज्य सरकारच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफीचा निर्णय झाला. तीही दोन्ही प्रकारांना सारखीच. आपल्या आनंदनगर नाक्यावर तर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून सगळ्याच हलक्या वाहनांचा टोल गेला. टोल गेला, गर्दी आहे तिथेच आहे. कोपरी पूल रुंद झाला तरी सकाळी नऊ वाजता त्यावर सहा सेकंदांत शंभरचा वेग घेणारा वीर अजून जन्माला यायचा आहे.

पुतण्या हसला, पण ऐकून गप्प बसला नाही. त्याने जे म्हटले ते आम्ही जसेच्या तसे लिहितो, कारण ते खरे आहे. "काका, हिशोब कळला. पण आपण नेहमी खालचेच का घ्यायचे? लहानपणी वह्या दोन नंबरच्या, चपला दोन नंबरच्या, दिवाळीत कापड स्वस्तातले. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मी जन्मल्यापासून ऐकतो आहे. आता अंथरूण माझे मी विणले आहे."

याला उत्तर देणे सोपे नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या उरलेले, उतरलेले आले, त्यांच्या मुलाला सर्वांत वरचे हवेसे वाटले तर त्यात त्याचे काय चुकले? त्याला उधळ्या म्हणणे आम्हाला जमणार नाही. आपल्या समाजाला वाहन ही नुसती सोय कधीच नव्हती. गाडीत कोण बसतो आणि कोणाला बसू देत नाहीत, यावर आपला इतिहास लिहिलेला आहे.

म्हणून आम्ही त्याला चाळीसगावचा प्रसंग सांगितला. तो बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९२९ साली सरकारी समितीच्या कामानिमित्त ते खानदेशात गेले होते, तेव्हा चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगेवाले तयार होईनात, अस्पृश्याला नेणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या मंडळींना मानवेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला टांगेवाला येईना. मग आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे हे लिहिताना त्यांनी त्या मंडळींना दोष दिलेला नाही. आपल्या मानाची त्यांनी काळजी केली, पण आत बसलेल्या माणसाचा जीव मानापेक्षा मोठा, हे त्या घाईत ध्यानात राहिले नाही, अशा अर्थाचे त्यांनी नमूद केले आहे.

हा प्रसंग आपण जातीच्या क्रूरतेचा म्हणून वाचतो आणि तो तसा आहेच. पण त्यात आपल्यासाठी घरगुती शिकवणही आहे. मान हवाच. तो मिळवताना आत बसलेली माणसे सुखरूप आहेत का, हे आधी पाहायचे. आज टांगा हाकायला माणूस मिळतो, गाडी आपण स्वतः चालवतो, शोरूममध्ये पाणी आणि चहाही मिळतो. आता आत बसलेली माणसे म्हणजे कोण? गुडघेदुखीची आई, रात्रपाळीहून परतणारी बायको, मागच्या सीटवरची दोन लेकरे आणि बारावीची बहीण. यांच्यापैकी एकीची फी काढून गाडीला दुसरी मोटर लावायची असेल, तर मान वाढतो की चाक अडकते, हे त्याने ठरवावे, एवढेच आम्ही म्हटले.

पुढच्या रविवारी सगळे मिळून दोन्ही प्रकार चालवून बघायला गेलो. ही गोष्ट प्रत्येकाने करावी. एकट्याने नव्हे, ज्यांना गाडीत बसायचे आहे त्या सगळ्यांना घेऊन. दोन मोटरींची गाडी मोकळ्या रस्त्यावर पोराने दाबली तेव्हा आम्ही सीटला चिकटलो. आम्हाला मजा वाटली, हे लपवत नाही. मागे वहिनींनी वरची कडी धरली आणि नातवाचे डोके छातीशी. नंतर एका मोटरीची गाडी त्याच रस्त्यावर नेली. तीही जोरातच निघाली. २३८ अश्वशक्ती म्हणजे काही बैलगाडी नव्हे. उतरल्यावर वहिनींनी विक्रेत्याला एकच प्रश्न केला, "दादा, ती पहिली गाडी आम्हाला गावी किती आधी पोहोचवेल?" विक्रेता मुलगा सज्जन होता. थोडा विचार करून म्हणाला, "मावशी, गर्दी सारखीच असेल तर दोन्ही एकाच वेळी पोहोचतील."

वरच्या प्रकाराचा उपयोग कोणालाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे गाव डोंगरात आहे, पावसाळ्यात शेवटचे दोन किलोमीटर चिखल तुडवत जावे लागते, ज्याला शेतात, नदीपात्रात किंवा बर्फाच्या प्रदेशात गाडी न्यायची आहे, त्याला चार चाकांची ओढ कामाची आहे. तो शौक नव्हे, गरज आहे. एक मागचे चाक घसरले तरी पुढची दोन ओढून काढतात. पण घसरड्या रस्त्यावर चार चाकांची ओढ निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबायचे काम ब्रेक आणि टायर करतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, मग मोटर एक असो वा चार. त्यामुळे सुरक्षिततेसाठी वरची गाडी घेतो म्हणणाऱ्याने मोटरींआधी एअरबॅग किती, अपघात-चाचणीत तारे किती, हे विचारावे. या गाडीला भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळालेले आहेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न घरी चार्जिंग कुठे करणार हा. कोपरीतल्या जुन्या इमारतींत गाडी उभी करायलाच जागा नाही, तिथे प्लग कुठला? पुतण्याचे घर पुनर्विकास झालेल्या इमारतीत आहे, खाली खांबांमध्ये त्याची जागा आहे, म्हणून त्याचे जमले. तरीही त्याला सोसायटीची लेखी परवानगी, मंजूर वीजभार वाढवणे आणि मीटरपासून गाडीपर्यंत वायर, हे सगळे करावे लागले. साडेतीन किलोवॅटच्या साध्या प्लगवर ६५ युनिटांची रिकामी बॅटरी पूर्ण भरायला वीस तासांच्या आसपास लागतात, सात किलोवॅटच्या चार्जरवर नऊ-दहा. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याला साधा प्लगही पुरतो, कारण रोज तीन-चार युनिटेच भरायची असतात. एका युनिटात गाडी सहा किलोमीटर जाते आणि युनिट आठ रुपयांना पडते असे धरले, तर हजार किलोमीटरला साडेतेराशे रुपयांच्या आत लागतात. लिटरला बारा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला, पेट्रोल शंभर रुपये धरले तरी, आठ हजारांच्या वर. विजेच्या गाडीची खरी बचत इथे आहे. ती पहिल्या पायरीवरच पदरात पडते. शिडी चढल्याने एक पैसाही वाढत नाही.

शेवटी पुतण्याने तिसऱ्या पायरीची, एक मोटर आणि ६५ युनिटांची गाडी नोंदवली. ठेव मोडली नाही. आम्ही त्याला सांगितले की तू स्वस्तातले घेतलेले नाहीस, तुला पुरेल ते घेतले आहेस; दोन नंबरची वही आणि ही गाडी यांत हाच फरक. वही घेताना दुसरा पर्याय नव्हता. इथे पर्याय होता, पैसेही समोर होते आणि ते बहिणीच्या नावावर राहू द्यायचे त्याने स्वतः ठरवले. तो म्हणाला, "काका, तुम्ही यावर लिहिणार, मला माहीत आहे. लिहा. पण दोन मोटरींची गाडी मला आवडली होती, हेही लिहा." त्याचे म्हणणे रास्त आहे. आवडलेली वस्तू न घेणे आणि ती आवडलीच नाही असे म्हणणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी एवढी मोठी गाडी येणार नाही. स्कूटर येईल, रिक्षा येईल. आकुर्डीला बनणाऱ्या विजेच्या चेतकपासून सगळ्या स्कूटरींत लहान बॅटरी, मोठी बॅटरी, साधा आणि वरचा असे प्रकार आहेतच. तिथेही शेवटच्या पायरीवर उभे राहून कोणीतरी सांगेल, 'ताई, फरक फक्त दहा हजार.' दुकानात जाण्याआधी घरी कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात. रोज किती किलोमीटर जायचे, गाडी रात्री कुठे चार्ज होणार आणि आपण मुळात कोणती घ्यायला निघालो होतो. त्या तिसऱ्या आकड्यापासूनच फरक मोजावा. आणि जास्तीचे पैसे ज्या डब्यातून, ज्या पासबुकातून निघणार असतील, त्यावर घरातल्या कोणाचे नाव आहे, ते त्या माणसासमोर मोठ्याने वाचावे. मग जो निर्णय होईल तो चांगलाच होईल.